मूळस्वर

अंधाराच्या घरी कोण पाव्हणा झोपला,
उंबऱ्याशी सूर्यदेव त्याच्यासाठी गं थांबला.

हौसाचा हा आवाज सारिकाच्या कानातून तीस वर्षांत कधी गेला नव्हता. जाड, कडेला थोडा फाटलेला, घोंगडीच्या काठासारखा खरबरीत. सारिकाच्या पोटावर तेल चोळताना ती इतकी खाली वाकायची, की ओवीचा ऊन श्वास बेंबीला लागायचा. सारिका तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकोणीस वर्षांची होती. साखरपुडा झालेला मुलगा दिवस गेल्याचं कळताच परगावी निघून गेला, आणि घरच्यांनी तिला कृष्णाकाठच्या त्या आश्रमात आणून सोडलं. नातलगांना सांगितलं, नर्सिंगच्या कोर्सला गेलीय.

आश्रमाचा एक नियम होता, की पोटाशी बोलायचं नाही. बोललं की लळा लागतो, मग मूल देताना पोरी रडून गोंधळ घालतात. सारिकाने तो नियम इतका पाळला, की ती कुणाशीच बोलेनाशी झाली. पाणी हवं तर तांब्याकडे बोट दाखवायची. हौसा तिथली आया, जतकडच्या धनगरवस्तीवरची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने काही वर्षं माहेरी धाडलेली. तिला तो नियम मान्यच नव्हता. ती म्हणायची, पोटातल्या जिवाला कुणीतरी हाक द्यावी लागती, न्हायतर त्येला कळत न्हाय कुटं यायचं त्ये. आई मुकी झाली म्हणून मग तीच रोज संध्याकाळी हाक द्यायची.

बाळ झालं, मुलगा. दत्तक जाईपर्यंतचे आठवडे तो हौसाच्याच मांडीवर होता. बाराव्या दिवशी हौसाने कुठूनशी एक साडी मिळवून खाटेला झोळी बांधली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने कुर्र केलं आणि सारिकाकडे पाहिलं. म्हणाली, नाव सांग, त्याच्या कानात सोडते. जन्मभर पुरंल.

सारिकाच्या मनात एक नाव होतं. ती भिंतीकडे वळली.

हौसाने मग आणखी थोडा वेळ नुसतंच कुर्र केलं.

*

त्यानंतर सारिका बोलायला लागली, आणि असं बोलायला लागली की सारा जिल्हा ऐकू लागला. विट्याच्या एसटी स्टँडवर तिला उद्घोषकाची नोकरी लागली. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे तिच्या तोंडून ऐकलं की माणसं खरोखर लक्ष देत. पुढे यंत्र आलं. यंत्रासाठी आवाज हवा होता, तो तिचाच घेतला. आता आसपासच्या प्रत्येक स्टँडवर गाड्या तिच्या आवाजात सुटत होत्या. ती स्वतः नियंत्रण कक्षात बसून यंत्राला वेळा भरवायची आणि खिडकीबाहेर आपलाच आवाज ऐकायची. नवरा विलास सोनं गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यात अर्धं आयुष्य कोइमतूरला काढून परत आलेला, शांत, थोडा थट्टेखोर माणूस. मुलगी मनवा नुकतीच वकील झालेली. दोघांना आश्रम माहीत नव्हता. नर्सिंगचा अर्धवट सुटलेला कोर्स तेवढा माहीत होता.

मूळस्वराची गोष्ट घरात आणली ती मनवानेच, जेवता जेवता.

तिने सांगितलं ते असं. सातव्या महिन्यापासून गर्भाला ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, पण आवाजाची चाल, चढउतार, खोली पोहोचते. मेंदूतली ऐकण्याची वाट तेव्हा ओल्या मातीसारखी असते. ज्या आवाजाची पावलं तिच्यावरून पुन्हा पुन्हा जातात, त्याचे ठसे तिथे राहतात. मोठेपणी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही, पण ठसा पुसला जात नाही. मूळस्वर यंत्र डोक्याला तारांची टोपी घालतं आणि बनवलेले हजारो आवाज ऐकवतं. एखाद्या आवाजाला मेंदू डोळ्याचं पातं लवायच्या आत, इतरांपेक्षा जरासा लवकर ओ देतो. यंत्र तो आवाज धरतं, त्याच्या जवळपासचे आणखी आवाज घडवतं, त्यातला पुन्हा एक धरतं. बैठकीमागून बैठक असं उगाळत गेलं, की शेवटी एकच आवाज उरतो. जन्माआधी ऐकलेला.

"म्हणजे आईचा," मनवा म्हणाली.

त्या उरलेल्या आवाजाचं माणूस शोधणं मग सोपं होतं. रेशन, पेन्शन, बँक, सगळीकडे सही गेली होती आणि बोलून ओळख पटवायची पद्धत आली होती. राज्यातल्या प्रत्येकाचा आवाज सरकारच्या स्वरनोंदीत होता.

विलासने विचारलं, आश्रमांच्या नोंदी असतात की, एवढा खटाटोप कशाला. मनवा म्हणाली, बऱ्याच नोंदी पुरात गेल्या, बऱ्याच खोट्या नावांनी होत्या, आणि उरलेल्या कायद्याने मोहोरबंद. दत्तक मुलं कित्येक वर्षं भांडत होती, की आम्ही कुठून आलो हे जाणायचा आम्हाला हक्क आहे. आणि दुसरी बाजू म्हणत होती, की त्या बायांना गुप्ततेचं वचन देऊन मुलं घेतलीत, ते वचन आता कसं मोडता? रक्ताची तपासणी कोर्टाने नाकारली, कारण रक्तात भाऊ, चुलते, मावश्या सगळेच सापडतात, ज्यांनी कधी संमती दिलेली नाही. आवाज मात्र एकट्याचा असतो. म्हणून नव्या कायद्याने आवाजाची वाट मोकळी केली. लोकांनी त्याचं नाव पाडलं, हाक-कायदा.

सारिकाने भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिने विचारलं, की त्या बाईला नको असेल तर?

मनवाला प्रश्न आवडला. तेच तर कायद्याने नीट केलंय, ती म्हणाली. आवाज जुळला की बाईला खबर जाते. तिला नकार देता येतो, आणि एकदा नकार दिला की ती नोंद कायमची बंद. मुलाला पुन्हा कधीच विचारता येत नाही. फक्त नकार आपल्या तोंडाने, नोंद कक्षाच्या यंत्रापुढे द्यायचा. मुदतीत काहीच बोलली नाही, तर होकार धरतात आणि नाव, गाव मुलाला देतात.

"गप्प बसली तर होकार?" सारिका म्हणाली.

"मग काय, आई. माणसाने स्वतःच्या मुलाला एक 'नाही' तरी तोंडाने म्हणावं की."

*

सारिका गप्प झाली.

बोललं की सापडू, असं काही नव्हतं. तिचा आवाज स्वरनोंदीत केव्हाच होता, आणि जिल्हाभर भोंग्यांतून वाजत होता. तो आता परत घेता येण्यासारखा नव्हता. पण भीतीला एवढं कुठे कळतं. बँकेच्या यंत्राने 'कृपया आपलं नाव बोला' म्हटलं, की ती रांग सोडायची. ती तशीच मागे फिरायची. फोन वाजला की तिचा हात पोटावर जायचा, तिथेच, जिथे कधी हौसाचा श्वास लागायचा. स्टँडवर दुपारी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' सुरू झालं की ती कानांवर हात ठेवायची. वाटायचं, कुठल्या तरी शहरात डोक्याला टोपी घातलेला एक माणूस या क्षणी हेच ऐकतोय, आणि त्याच्या मेंदूतला ठसा जागा होतोय.

विलास म्हणाला, बायकोने मौनव्रत धरलं, देव पावला. दोन दिवसांनी त्याचीच थट्टा ओसरली. त्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने घशात बॅटरी मारून सांगितलं, काही नाही. घरी येताना विलास गाडीत तिचा हात धरून बसला. त्या हाताची सारिकाला जास्त भीती वाटली. हा हात काढून घेतला जाईल, आणि तो कसा काढून घेतला जाईल, हे ती रोज मनात पाहत होती.

आठवडे गेले, खबर आली नाही. पावसाळा सरला. हळूहळू तिच्या मनाने धीर धरला, की मुलगा शोधतच नसेल.

मग एका दुपारी नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी एक बाई उभी राहिली. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी, गालांची हाडं वर आलेली. सारिका म्हणाली, चौकशीची खिडकी पलीकडे आहे. बाई हलली नाही.

"सारू," ती म्हणाली. "भोंग्यातनं कवाचीच वळखलीवती तुला. म्हनलं, सुखात हाय, कशाला हाक द्या."

तो आवाज ऐकून सारिकाला उठवेना.

स्टँडमागच्या लिंबाखाली दोघी बसल्या. हौसाने सांगितलं ते तुटक तुटक आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत. नोंद कक्षाची खबर तिला आली होती. फोन पुतण्याच्या हातात होता, फोनचा भोंगा चालू होता, सगळं घर ऐकत होतं. यंत्र गोड आवाजात म्हणालं, आपल्या मुलाला आपल्याला भेटायचं आहे. नवरा वारल्यापासून ती दिराच्या घरी राहत होती. जन्मभर त्या घराने तिला वांझ म्हणून हिणवलं, पाचवीच्या पूजेला आत येऊ दिलं नाही. आता तेच म्हणत होते, पोर टाकून आलेली बाई आमच्यात नको. पुतण्याचं ठरत आलेलं लग्न पाव्हण्यांनी थांबवलं होतं. तिची वळकटी ओसरीवर आणून ठेवली होती.

सारिकाला उलगडायला वेळ लागला नाही. त्या गर्भाने एकच आवाज ऐकला होता. पोटाच्या भिंतीशी तोंड लावून गाणारा. ज्या पोटात तो होता ते मुकं होतं. यंत्र चुकलंच नव्हतं. त्याला सापडायचा तोच आवाज सापडला होता. हा आवाज आईचाच असणार, हे मात्र माणसांनी गृहीत धरलं होतं.

"तू सांगितलं नाहीस, की मी नव्हे?"

"सांगितलं की. त्या हापिसातली बाई म्हनली, समद्या असंच म्हनतात, मावशी. मी न्हाय म्हनलं की त्यो नकार धरत्यात. कायमचं दार बंद. मग म्या गप बसले." हौसाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तुजं नाव घेतलं न्हाय. तवा तुज्या डोक्यावर हात ठेवून शबूद दिलावता."

"आता काय करणार, हौसाक्का?"

हौसाने तिच्याकडे पाहिलं नाही. "पयले वाटलं, नकार द्यावा, घरात तरी घेतील. मग वाटलं, येतोय तर येऊ दे. कुनी तरी मला एकदा आई म्हनंल. तू म्हनशील तसं."

सारिकाने लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकवली. तिच्या आत एक दार उघडलं होतं आणि त्यातून गार वारा येत होता. हौसाने होकार दिला तर शोध तिथेच संपेल. मुलाला आई मिळेल, हौसाला मुलगा, आणि सारिका जन्मभरासाठी सुटेल. तो सुटकेचा वारा अंगाला इतका बरा वाटला, की तिला स्वतःची भीती वाटली.

*

ती हौसाला घरी घेऊन आली. जुनी ओळख, एवढंच सांगितलं. मनवाला मात्र हौसाकडून खबरीचं कळलं आणि ती पेटून उठली. भोंग्यावर खबर देणं म्हणजे गुप्ततेचा भंग आहे, ती म्हणाली. मुदत संपायच्या आत नोंद कक्षात भेट ठरवू, मी सोबत येते, मावशी, कुणाची ताकद नाही तुम्हाला वेडंवाकडं बोलायची. तिने हौसाला कधी एका शब्दाने विचारलं नाही, की मूल का दिलं. पण तिच्या वागण्यात एक जपणूक आली, दुखऱ्या माणसाला पाणी देताना असते तशी. सारिका ते पाहायची. ही जपणूक आपल्या वाट्याची आहे आणि आपण ती दुसरीच्या ताटात वाढू दिली आहे, असं तिला वाटायचं.

रात्री जेवताना विलासच्या तोंडून गेलं, "तसं वाईट म्हणून नाही बोलत, पण पोटचं पोर टाकायला काळीज कसं होत असेल?"

सारिकाचा वाढायचा हात थांबला.

"होत न्हाय, दाजी," हौसा म्हणाली. "काळीज तितंच ऱ्हातं. बाई तेवढी म्होरं येती."

विलासने मान खाली घातली. विलासच्या प्रश्नाचं उत्तर सारिकाने द्यायला हवं होतं. ते तिला माहीत होतं. आमटी गरम करून आणते म्हणून ती आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी हौसा सारिकाच्या पायांना तेल लावायला बसली, न विचारता, जुन्या सवयीने. चोळता चोळता गुणगुणायला लागली.

वाट तुझी दूर, तुला शिदोरी कशाची,
गाठीला रे बांधिते मी ओवी दोन वळीची.

सारिकाने पाय ओढून घेतले. हौसा म्हणाली, भ्यायलीस व्हय? भिऊ नगंस. उद्या मी व्हय म्हणून सांगते, तू घरीच थांब.

"येते मी," सारिका म्हणाली. का म्हणाली, तिचं तिला कळलं नाही.

*

सांगलीच्या नोंद कक्षाची खोली लहान होती. टेबलावर एक मायक्रोफोन, त्यामागे दुधी काच. काचेपलीकडे मुलगा बसलेला. त्याचं नाव निरंजन, पुण्याहून आलेला. होकार झाल्याशिवाय काच स्वच्छ होणार नव्हती, तोवर फक्त सावली दिसत होती. टेबलाच्या कडेला पडदा होता आणि त्यावर एक हिरवी रेघ, त्याच्या डोक्यावरच्या टोपीतून येणारी. अधिकारी बाई सौम्य होत्या. त्यांनी समजावलं, की आधी आवाजाची खात्री करू, मग होकार किंवा नकार. शब्द काहीही चालतील.

हौसा मायक्रोफोनशी वाकली. कुणाच्या तरी पोटाशी वाकावं तशी. अंधाराच्या घरी कोण पाव्हणा झोपला, तिने धरलं.

रेघ उठली. ओवीच्या प्रत्येक हेलकाव्यावर, हेलकावा पुरा व्हायच्या आत, जणू पुढचा सूर आधीच ठाऊक असल्यासारखी उठत राहिली. काचेपलीकडची सावली पुढे झुकली. त्याने हात काचेजवळ वर घेतला आणि अंगठ्याचं नख तर्जनीच्या कडेवर घासायला लागला, सारखं सारखं. मनवा लहानपणापासून घाबरली की नेमकं असंच करायची. सारिकाने पाहिलं, मनवा त्या सावलीकडे बघत होती, आणि मग आपल्या हाताकडे.

"हेच," पलीकडून आवाज आला. तो रडत होता. "हेच आहे. शब्द माहीत नव्हते मला."

अधिकारी बाई म्हणाल्या, "हौसाबाई, तुम्ही आई म्हणून होकार देता का? तुमच्या आवाजात सांगा."

हौसाने पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीच्या मागे असा एक उजेड, की सारिकाला तो पाहवेना. तो उजेड खोटा नव्हता. पण तो घेऊन ही बाई ज्या वस्तीवर परत जाणार होती, तिथे तिची वळकटी ओसरीवर पडली होती.

"थांबा," सारिका म्हणाली.

तिला स्वतःचाच आवाज भोंग्यातून आल्यासारखा वाटला. मनवा वळून पाहत होती, आणि आता यापुढे जे बोलायचं ते तिच्याकडे पाहूनच बोलायला हवं होतं.

"हौसाक्का याची आई नाही. हिने गायलं, कारण मी गप्प होते. मूल माझं आहे."

"आई?" मनवा म्हणाली. एवढंच. ती एक पाऊल मागे सरून भिंतीला टेकली.

अधिकारी बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सारिकानेही पाहिलं. ती बोलत होती तेव्हा रेघ हललीच नव्हती. सपाट, हिरवी, शेताच्या बांधासारखी पडून होती. तिच्या मुलाच्या मेंदूत तिच्यासाठी काहीही नव्हतं.

"यंत्र तुम्हाला ओळखत नाही, बाई," त्या हळू म्हणाल्या. "रक्ताची तपासणी करावी लागेल. दोघांच्या संमतीने."

"करा. हिच्या घरी कळवा, की चूक झाली. तिथे माझं नाव सांगा, पाहिजे तर भोंग्यावर."

पलीकडे खुर्ची सरकली. मग निरंजन म्हणाला, "हा आवाज मी सकाळी ऐकला. स्टँडवर. गाडी लागली म्हणून सांगत होता." थांबून त्याने विचारलं, "तुम्ही माझ्याशी का नाही बोललात?"

सारिकाने तोंड उघडलं, आणि तीस वर्षांपूर्वीची भिंत समोर आली. पोपडे आलेली, चुन्याची, डोळ्यांपासून वीतभर. तिला त्याच्याकडे नको, मनवाकडे नको, फक्त तिकडे वळावंसं वाटलं. दार दोन पावलांवर होतं, पाय उचलला की बाहेर.

हौसा पुढे झाली. ती पुन्हा मायक्रोफोनशी वाकली, ओठ त्याला जवळजवळ लावले, आणि अगदी हलकं, झोळीतलं बाळ जागं होऊ नये असं म्हणाली, "कुर्र..."

रेघ थरथरली.

मग तिने मान वर केली, सारिकाकडे पाहिलं, आणि तेव्हासारखीच वाट बघत थांबली.

सारिका मायक्रोफोनजवळ गेली. विलासचा हात, मनवाची भिंतीला टेकलेली पाठ, सगळं तिला दिसत होतं. भीती कमी झाली नव्हती. तिने ती तशीच धरून ठेवली आणि खाली वाकली.

"उदय," ती म्हणाली. "तुझं नाव मी उदय ठेवलं होतं."